अकरा महिन्यांचे नेपथ्य

'नाट्यगृह' या शब्दात 'गृह' आहे, याची आठवण आपल्याला सहसा होत नाही. ठाण्याचे राम गणेश गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर यांच्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. वातानुकूलन, ध्वनियंत्रणा, स्वच्छतागृहे, वाहनतळ, तारखांचे वाटप हे त्या चर्चेचे नेहमीचे विषय. ती चर्चा आवश्यकच आहे. परंतु ज्या माणसांमुळे ही गृहे गजबजतात ती माणसे प्रयोग संपल्यावर कोणत्या घरी जातात, ते घर कुणाच्या मालकीचे असते आणि पुढच्या वर्षी ते त्यांच्याकडे राहील की नाही, हा प्रश्न मात्र 'सांस्कृतिक' मानला जात नाही. तो इस्टेट एजंटाच्या टेबलावरचा प्रश्न मानला जातो. प्रस्तुत लेखात मला एवढेच म्हणायचे आहे की त्याची जागा ते टेबल नव्हे. ज्या वस्तीत नाटक होते त्या वस्तीत भाड्याने राहणे अशक्य झाले, तर नाट्यगृह उभे राहील, पण वस्ती नाट्यगृहाची उरणार नाही.

प्रथम भूगोल. गडकरी रंगायतन सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मासुंदा तलावाच्या काठी उभे राहिले. स्टेशनपासून ते चालत गाठता येते. भोवती नौपाडा, चरई, घंटाळी, राम मारुती रस्ता, गोखले रस्ता असा जुना मराठी मध्यमवर्गीय पट्टा. १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय याच शहरातले, आणि ज्यांची भावगीते घराघरांत गायली गेली ते पी. सावळाराम याच शहराचे नगराध्यक्ष होते. कल्याणात १८६४ सालचे सार्वजनिक वाचनालय आहे. डोंबिवलीत शं. ना. नवरे आणि पु. भा. भावे राहिले. ८४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डिसेंबर २०१० मध्ये ठाण्यात झाले, ९०वे फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत. 'सांस्कृतिक नगरी' हे बिरुद ही तिन्ही गावे आपापल्या परीने मिरवतात आणि ते निराधार नाही. मात्र हे बिरुद कमावणाऱ्यांत भाडेकरूंचा वाटा किती, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. गिरगाव-दादरच्या खोल्या अपुऱ्या पडल्या म्हणून जे लोक रेल्वेच्या रुळांवरून इकडे सरकले, त्यांतल्या अनेकांचे इथले पहिले घर भाड्याचेच होते. 'ओनरशिपचा ब्लॉक' हा शब्द मध्यमवर्गाच्या तोंडी रुळला तो नंतर. महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अ‍ॅक्ट हा कायदाच मुळी १९६३ सालचा.

नाटक आणि बिऱ्हाड यांचे नाते तर याहून जुने आहे. नाटक मंडळी ही संस्थाच एक मोठे फिरते बिऱ्हाड होती. विंचवासारखे पाठीवर घेतलेले म्हणा, पण बिऱ्हाडच. १८८० साली सुरू झालेल्या किर्लोस्कर नाटक मंडळीपासून पुढच्या सर्व मोठ्या कंपन्यांपर्यंत नटाचा मुक्काम आणि जेवण ही कंपनीची जबाबदारी असे. पंगत एक, मुक्काम एक, तालीम तिथेच. ज्यांचे नाव ठाण्याच्या रंगायतनाला दिले आहे ते गडकरी स्वतः किर्लोस्कर मंडळीत बालनटांचे मास्तर म्हणून होते. या व्यवस्थेत शोषण होते, मानापमान होते, मालकशाही होती. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत होती: नट कुठेतरी राहणार आहे, आणि ते 'कुठेतरी' हा नाटकाच्या खर्चाचाच भाग आहे. १९३२ साली 'अयोध्येचा राजा'बरोबर मराठी चित्रपट बोलू लागला, कंपन्या एकामागून एक मोडल्या, आणि पुढे नटाला प्रयोगागणिक पैसे देण्याची पद्धत रूढ झाली. या पैशाला आजही 'नाइट' म्हणतात. मंडळीची चूल विझली त्या दिवसापासून नटाचा निवारा हा त्याचा खासगी मामला झाला. रंगभूमीच्या इतिहासात या बदलाची आर्थिक बाजू येते. तिची घरगुती बाजू क्वचितच येते.

'नाइट' आणि 'भाडे' यांचा काळ जुळत नाही, ही सगळ्या अडचणीची मुळी आहे. भाडे महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्यायचे असते. नाइट प्रयोग झाला तर मिळते. पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत, निवडणुकीच्या धामधुमीत प्रयोग कमी होतात. भाडे कमी होत नाही. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली, मधल्या काळात निम्म्या प्रेक्षकसंख्येची परवानगी येऊन गेली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी ती पुन्हा उघडली. त्या दीड वर्षात रंगमंचामागच्या माणसांना मदत म्हणून शिधा वाटला गेला, निधी उभे राहिले, आणि ते करणाऱ्यांविषयी कृतज्ञच राहिले पाहिजे. पण शिधा हातात असलेल्या माणसाला तो शिजवायला चूल लागते आणि चुलीला घर. नामांकित नटाचा प्रश्न वेगळा. मालिका आणि चित्रपट त्याला तारतात. मी बोलते आहे ती प्रकाशयोजनेचा सहायक, नेपथ्य लावणारा, कपडेपट सांभाळणारी, संगीत वाजवणारा, आणि एकांकिका स्पर्धांतून आलेली, व्यावसायिक नाटकात दुसऱ्या-तिसऱ्या भूमिकेत उभी असलेली पंचविशीची मुलगी यांच्याविषयी. यांच्यापाशी पगाराची पावती नसते. आणि घर मागायला गेल्यावर पहिल्यांदा तीच मागितली जाते.

आता कायदा. आजच्या कराराचा स्वभाव कळायचा तर त्याचा इतिहास माहीत हवा. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून ठेवले. फाळणी आणि युद्धोत्तर टंचाईच्या त्या काळात त्याची गरज होती. परंतु तात्पुरते म्हणून आलेले नियंत्रण अर्धशतक टिकले. घराचे उत्पन्न गोठल्यावर मालकाने दुरुस्ती सोडली, आणि वरकड पैसा 'पागडी'च्या रूपाने टेबलाखालून फिरू लागला. कायद्यातून निसटण्यासाठी मालकांनी 'लीव्ह अँड लायसन्स'ची वाट धरली: समोरचा माणूस भाडेकरू नव्हेच, त्याला फक्त वापराची परवानगी दिलेली आहे. मग १९७३च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवानगीवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. त्या एका तारखेने हजारो कुटुंबांना घर मिळाले, आणि त्याच तारखेने मालकवर्गाच्या मनात एक भीती कायमची घर करून बसली. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २०००पासून लागू झाला, पागडीला कायदेशीर मान्यता दिली आणि परवानगीची मुदत संपल्यावर घर परत मिळण्याची वेगळी, तुलनेने जलद वाट मालकाला दिली. मुदत उलटूनही न हलणाऱ्याला दुप्पट भरपाईचा धाक त्यातच आहे.

या कराराच्या नावातच एक विनोद दडलेला आहे. 'लीव्ह' म्हणजे इथे परवानगी. पण आपल्या कानाला तो शब्द 'निघा' असा ऐकू येतो, आणि एजंटांच्या पाट्यांवर तो बहुधा 'लिव्ह' असा ऱ्हस्व लिहिलेला असतो, म्हणजे 'राहा'. राहा आणि निघा या दोन आज्ञा एका वेलांटीच्या फरकाने एकाच कागदावर नांदतात. ज्याला तो कागद मिळतो त्याची अवस्थाही नेमकी तशीच असते.

आणि ते अकरा महिने! एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ने कोणत्याही मुदतीचा असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले, आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकली. म्हणजे आपल्याकडे अकरा या आकड्याला कायद्याचे कारण उरलेले नाही. करार तीन वर्षांचाही होऊ शकतो, पाच वर्षांचाही. तरी आपण अकराच लिहितो, जसे वर्गणीच्या पावतीवर शेवटचा रुपया लिहितो. हा एक विधी झाला आहे, आणि त्याची किंमत भाडेकरू मोजतो. समजा भाडे २५ हजार आहे आणि दलाली, रिवाजाप्रमाणे, एका महिन्याच्या भाड्याइतकी. अकरा महिन्यांवर ती वाटली तर दरमहा सुमारे २,२७० रुपयांचा बोजा पडतो. ३६ महिन्यांवर वाटली तर सुमारे ६९५चा. डिपॉझिट, टेंपो, हमाल, पंखे काढणे-लावणे, गॅसची जोडणी, आधारवरचा पत्ता हे सारे यात धरलेले नाही. आणि पुस्तकांची खोकी तर कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. मी नौपाड्यात भाड्याने राहते. माझी काही खोकी गेल्या दोन घरांत उघडलेलीच नाहीत. अशा घरात माणूस भिंतीला खिळा ठोकत नाही, कुंडीत तुळस लावताना विचार करतो, आणि वाचनालयाचे आजीव सभासदत्व घेण्याचे टाळतो.

घर शोधताना जे संभाषण होते त्याचा नमुना वाचकांपैकी अनेकांनी ऐकला असेल. "मॅडम, एकट्याच? घरी उशिरा येता का? नाटकबिटक नाही ना? काय आहे, सोसायटीला चालत नाही." यातला 'सोसायटी' हा कर्ता फार सोयीचा आहे. त्याला चेहरा नसतो, म्हणून त्याला उत्तर देता येत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्था ही मुळात खासगी मालकीच्या पोटातली सामूहिक कल्पना होती. प्रत्यक्षात ती हळूहळू प्रवेशद्वारावरच्या पहाऱ्यासारखी वागू लागली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला, तेव्हा या पहाऱ्याला वरचे पाठबळही मिळाले. भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदाकडून मनमानी 'बिनभोगवटा शुल्क' घेण्याची रीतही होती. १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुरते मर्यादित केले. पैशाच्या बाबतीत शासनाने अशी रेघ ओढली. रात्री बाराला परतणाऱ्या माणसाच्या प्रतिष्ठेबाबत मात्र कुणी रेघ ओढलेली नाही. ज्या इमारतीतले बहुतेक लोक रविवारी दुपारी रंगायतनात बसून टाळ्या वाजवतात, त्याच इमारतीच्या सभेत 'नाटकवाले नकोत' असा सूर निघावा, याला दांभिकपणा म्हणण्याचा मोह मला होतो. पण मला वाटते ती त्याहून साधी गोष्ट आहे: कला आणि तिचे वेळापत्रक यांचा संबंध त्यांच्या डोळ्यांसमोर आलेलाच नसतो. साडेआठचा प्रयोग अकराच्या पुढेमागे संपतो. त्यानंतर नेपथ्य उतरते, टेंपोत चढते. हे करणारा माणूस दहाला घरी येऊ शकत नाही.

घरमालकाची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नौपाडा किंवा डोंबिवली पूर्वेचा मालक हा भांडवलदार नसतो. बहुधा तो निवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून किंवा एखादी विधवा असते, आणि दुसऱ्या खोलीचे भाडे हे त्यांच्या औषधपाण्याचे साधन असते. घर अडकले तर कोर्टात वर्षे जातील, ही भीती त्यांनी स्वप्नात पाहिलेली नाही. शेजाऱ्याच्या बाबतीत पाहिलेली आहे. १९४७च्या कायद्याने भाडेकरूला दिलेले संरक्षण एका पिढीच्या मालकांच्या खिशातून गेले, समाजाच्या तिजोरीतून गेले नाही. म्हणूनच मी पुन्हा गोठवलेल्या भाड्याची मागणी करत नाही. परंतु भीतीचे कारण कमी झाल्यावरही भीतीचा रिवाज तसाच चालू ठेवणे, हे मालकाच्याही हिताचे नाही. दर अकरा महिन्यांनी रिकामे पडणारे घर, रंगकाम आणि नवी दलाली हा त्याचाही तोटा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाटकवाल्यांनी नाट्यगृहाजवळच राहावे असा हट्ट का? बदलापूर, टिटवाळा, विरार इथून लाखो माणसे रोज येतातच की. खरे आहे. पण ती लाखो माणसे शेवटच्या लोकलच्या भरवशावर नसतात, आणि तिन्हीसांजेला तालमीला निघून मध्यरात्री परतत नाहीत. त्याहून महत्त्वाचे असे की नाटक ही केवळ कामाची जागा नसते, ती शेजाराची कला आहे. तालीम संपल्यावर तलावपाळीच्या कठड्यावर जे बोलणे होते त्यातून पुढचे नाटक निघते; ज्येष्ठाच्या घरी अवेळी जाऊन संहिता वाचून दाखवता येते; वाचनालयातून घरी जाताना स्पर्धेची जाहिरात दिसते. डोंबिवलीचे फुले कलामंदिर स्टेशनपासून दूर, एमआयडीसीच्या बाजूला आहे. तिथल्या प्रयोगानंतर प्रेक्षक आणि कलावंत दोघेही रिक्षाच्या रांगेत उभे राहतात. फडके रस्त्यावर दिवाळीच्या पहाटे जी गर्दी आपोआप जमते ती तिथे जमत नाही. नाट्यगृह बांधता येते. त्याचा परिसर राहणाऱ्यांच्या पायांनीच तयार होतो.

आणि आज हाच परिसर झपाट्याने बदलतो आहे. नौपाडा-पाचपाखाडीतल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या तीन-चार मजली इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्यात सदनिकाधारकाला नवे घर मिळते, आणि बांधकाम चालेपर्यंत विकासकाकडून भाडेही मिळते. ते भाडे हातात घेऊन तो त्याच वस्तीत घर शोधतो, कारण मुलांची शाळा आणि आईवडिलांचे डॉक्टर तिथेच असतात. म्हणजे एका इमारतीच्या पाडकामाने वीस-पंचवीस कुटुंबे एकदम स्थानिक भाडेबाजारात उतरतात, आणि त्यांचे भाडे दुसराच कुणी भरत असतो. त्यांच्याशी नाइटवर जगणाऱ्याने कशी स्पर्धा करावी? पाडल्या गेलेल्या इमारतीत जो परवानगीवर राहत होता, त्याला तर या सगळ्या व्यवहारात स्थानच नसते. इमारतीवर त्याचा हक्क नसतो, हे मान्य. पण त्याचे त्या वस्तीत असणे ही काही किंमत असलेली गोष्ट होती, हे कुठेच नोंदले जात नाही. गडकरी रंगायतनही दुरुस्तीसाठी बंद राहून ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा उघडले. इमारतीला दुरुस्तीनंतर परत येता येते. वस्तीतून गेलेला भाडेकरू परत येत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी यात अभ्यासाचा एक विषय आहे, असे मला वाटते. मराठी रंगभूमीने घर हे पात्र म्हणून पुष्कळदा उभे केले. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ', सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मधली (१९७४) चाळ, महेश एलकुंचवारांचा 'वाडा चिरेबंदी' (१९८५), जयंत पवारांच्या 'अधांतर'मधले (१९९७) गिरणगावातले घर. वाडा पडतो, चाळ खचते, गिरणीबरोबर घरही हलते. पण या सर्व घरांत माणसे पिढ्यान्‌पिढ्या किंवा निदान दीर्घकाळ राहिलेली आहेत. त्यांची शोकांतिका 'असलेले जाण्याची' आहे. ज्याला मुळात 'असणे' मिळालेलेच नाही अशा अकरा महिन्यांच्या रहिवाशाचे नाटक आपल्याकडे ठसठशीतपणे उभे राहिलेले मला दिसत नाही. व्यावसायिक रंगमंचावरचा परिचित दिवाणखाना, सोफा, आत जाणारे दार, भिंतीवरचा फोटो हा मालकाचा दिवाणखाना असतो. भाड्याच्या घरात भिंतीवर फोटो नसतो. गंमत अशी की तो दिवाणखाना रोज रात्री उभा करणारे आणि उतरवणारे हात बहुधा भाड्याच्या खोलीतून आलेले असतात. आपल्या रंगभूमीने स्वतःच्या कामगाराच्या घराकडे न पाहणे आणि आपल्या समीक्षेनेही त्याबद्दल न विचारणे, या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

करायचे काय? तीन गोष्टी अशा आहेत की त्यांसाठी नवा कायदा लागत नाही. एक, वाचकांपैकी ज्यांच्याकडे दुसरे घर आहे त्यांनी अकराच्या जागी छत्तीस लिहावे, वार्षिक वाढ आधीच ठरवून. नोंदणीकृत कराराने त्यांचे हित जितके सुरक्षित अकरा महिन्यांत असते तितकेच छत्तीसमध्ये असते. दोन, आपण ज्या सोसायटीच्या सभेला कंटाळून जात नाही त्या सभेला जावे, आणि 'चालत नाही' हे वाक्य निघेल तेव्हा 'कुणाला चालत नाही?' असे विचारावे. कर्ता नावानिशी समोर आला की वाक्य बरेचदा मागे घेतले जाते. तीन, ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांकडे नाट्यगृहे आहेत, भूखंड आहेत, पुनर्विकासाच्या परवानग्या देण्याचा अधिकार आहे. नाट्यगृहांजवळ, पगाराच्या पावतीऐवजी प्रयोगांच्या नोंदीवर मिळतील अशा थोड्या भाड्याच्या खोल्या आणि तालमीच्या जागा राखणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. मंडळीची चूल पुन्हा पेटवा असे मी म्हणत नाही. पण नट कुठेतरी राहणार आहे, हे जे किर्लोस्करांच्या काळी गृहीत होते, ते पालिकेच्या अंदाजपत्रकात निदान एका ओळीत यावे.

ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत पुढचे संमेलन कधी तरी भरेलच. मांडवाच्या दाराला एखाद्या दिवंगत लेखकाचे नाव दिले जाईल, आणि तो याच गावात कोणत्या गल्लीत राहत होता हे अध्यक्ष अभिमानाने सांगतील. आज त्या गल्लीत भाड्याने खोली मागणाऱ्या पंचविशीच्या मुलीला आपण काय उत्तर देतो, त्यावर पन्नास वर्षांनी त्या अध्यक्षांना सांगण्यासारखे काही असेल की नाही, हे ठरणार आहे.